गौरीच्या नैवेद्याची कोंबडी

भाद्रपदात ज्येष्ठा नक्षत्रावर गौरीचे पूजन होते, त्या दिवशी रत्नागिरी जिल्ह्यातील कुणबी, मराठा, भंडारी आदी समाजांच्या असंख्य घरांत माहेरी आलेल्या देवीला तिखटाचा नैवेद्य दाखवला जातो. गणपतीला सामिष वर्ज्य म्हणून काही ठिकाणी तेवढ्या वेळापुरता मध्ये पडदा धरतात, आणि नंतर मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांसह सारे घर कोंबडी-वड्यांच्या पंगतीस बसते. या आचाराविषयी संकोच बाळगावा असे त्यात काहीही नाही. मला चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. देवीपुढचे पान पूर्वीचेच राहिले, परंतु त्या पानात पडणारी कोंबडी बहुतेक घरांत आता घरची राहिलेली नाही.

परसात चरून, वाळवी आणि सांडलेले भात टिपून वाढलेला गावठी कोंबडा दीड किलोच्या आसपास भरावयास सहा महिने घेतो, तर पिंजऱ्यांतून टेम्पोने येणारा ब्रॉयलर सहा आठवड्यांतच दोन किलोंचा होतो. हा फरक केवळ वजनाचा नव्हे. ज्या पक्ष्याने धावपळ केली, ज्याच्या सांध्यांना वय लाभले, त्याचे मांस हळद-मीठ लावून चुलीवर मंद आचेने दीर्घकाळ शिजत ठेवावे, सांध्यांतील चिवट तंतू विरघळून पाण्याला दाटपणा येऊ द्यावा आणि मगच भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण घालावे, असा जो आपल्या आयाआज्यांचा पाकक्रम, तो त्याच पक्ष्याच्या प्रकृतीस अनुसरून सिद्ध झालेला आहे. ब्रॉयलर त्या चुलीवर अर्ध्या तासात विरून जातो, आणि तांदूळ-उडदाच्या पिठात धणे-मेथी घालून तळलेल्या वड्याला ज्या रश्श्याची सोबत हवी, तो रस्सा निर्माणच होत नाही. कोवळ्या पक्ष्याला कोरडी आच मानवते, हे शेजारच्या रायगडातील लोक हिवाळ्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरलेल्या मडक्यात पोपटी लावून दाखवतात. जून पक्ष्याला मात्र पाणी आणि वेळ यांवाचून गती नाही.

सणाचा पक्षी केवळ आकारासाठी वाढवला म्हणजे काय होते, याचा दाखला अमेरिकेत मिळतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तेथे अखंड टर्की भाजून कुटुंब एकत्र जेवते, आणि तेथे स्थायिक झालेली अनेक मराठी घरेही तो दिवस पाळतात. मांडीचे मांस शिजेपर्यंत छातीचे शुष्क होते, ही त्या भाजणीतील जुनी अडचण, परंतु छातीचे मांस अधिकाधिक मिळावे म्हणून तेथील व्यापाराने जी रुंद छातीची पांढरी जात प्रचारात आणली, तिचे नर इतके अवजड होतात की त्यांना नैसर्गिक समागम साधत नाही आणि कृत्रिम रेतनावाचून वंश पुढे चालत नाही. आपल्या अंगणातली खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसून स्वतःची पिल्ले स्वतः उबवते. हे सामर्थ्य हातचे जाऊ देणे मला अक्षम्य वाटते.

ते जाते आहे याला घार-मुंगसापेक्षाही मानमोडी, म्हणजे राणीखेत हा रोग अधिक कारण आहे, कारण तो एकदा वाडीत शिरला की खुराडीच्या खुराडी ओस पडतात आणि त्या घरची बाई पुन्हा कोंबड्या पाळण्याचे धाडस करीत नाही. यावर लस आहे, ती महागही नाही. अडचण तजविजीची आहे. लस थंड ठेवावी लागते, एका कुपीत शंभरेक मात्रा असतात, आणि ती एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. पाच-सात कोंबड्या बाळगणाऱ्या घराने एकट्याने ती आणणे शक्य नाही. म्हणून जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन खात्याने वाडीवार दिवस मुक्रर करावा, त्याची दवंडी ग्रामपंचायतीने द्यावी आणि साऱ्या घरांची पाखरे एकाच सकाळी टोचून व्हावीत. कालगणना सरळ आहे: भाद्रपदातील गौरीसाठी पिल्ले फाल्गुनात बाहेर पडलेली हवीत, त्यांच्या डोळ्यांत पहिला थेंब पहिल्याच आठवड्यात पडावा, आणि दुसरी लस सुमारे आठ आठवड्यांनी, म्हणजे वैशाखात, पावसाने वाडीचे रस्ते बंद होण्यापूर्वी टोचली जावी. त्यासाठी खात्याचा हुकूम तालुक्यातालुक्यांच्या दवाखान्यांकडे माघातच रवाना झाला पाहिजे.