दुसऱ्याच्या कर्जास जामीन

बलाढ्य राष्ट्रें युद्धापूर्वीं लष्करी तह कां करितात? स्नेहामुळें, असें म्हणणें भोळेपणाचें होय. भय हेंच त्याचें मूळ. रशियाच्या भयानें जर्मनी व ऑस्ट्रिया १८७९ त एक झाले. १८८२ त इटलीची त्यांत भर पडली. एकाकी फ्रान्सनें १८९४ त रशियाचा हात धरिला, आणि इंग्लंडनें १९०४ त फ्रान्सशीं व १९०७ त रशियाशीं जुने तंटे मिटविले. प्रत्येकास वाटलें, आपण निर्धास्त झालों. प्रतिपक्षास वाटलें, आपणांस वेढा पडला.

आमच्या व्यापारी वाचकांस हें सांगावयास नको कीं, जामीन राहणाऱ्याचा ऋणकोच्या हातावर ताबा नसतो, फेड मात्र त्याच्या गळ्यांत पडते. २८ जुलै १९१४ रोजीं ऑस्ट्रियानें सर्बियाशीं युद्ध पुकारिलें, आणि आठ दिवसांत पांच महासत्ता रणांत उतरल्या. इटलीनें तर १९१५ त पक्षच बदलला! आणि ज्या हिंदुस्थानची सही यांतील एकाही कागदावर नव्हती, त्याचे दहा लाखांहून अधिक सैनिक व मजूर समुद्रापार धाडले गेले.

यांतील पुष्कळ कलमें गुप्त होतीं. जें खत लोकांस दाखविलें नाहीं, त्याचें देणें लोकांनीं रक्तानें कां फेडावें, एवढाच आमचा सवाल आहे.