जनीच्या गावातील मुलांना जनी कोण सांगणार?

उन्हाळ्याची सुटी लागली की मध्यमवर्गीय घरांतून एकच चिंता ऐकू येते, मुलांचे करायचे काय? कुणी पोहण्याचा वर्ग शोधतो, कुणी मुलांना आजोळी धाडतो आणि उरलेल्या घरांतून दूरचित्रवाणी किंवा भ्रमणध्वनी मुलांना सांभाळतो. नेमक्या याच एप्रिल-मे महिन्यांत देशभरातील चर्चच्या आवारांत 'सुटीतील बायबल शाळा' भरलेल्या असतात. दहा-बारा वर्षांची मुले पुठ्ठ्याची नौका करून तिच्यात कागदी प्राण्यांच्या जोड्या बसवतात आणि नोहाची कथा शिकतात. एक मुलगा दाविद होतो, दुसरा गल्याथ होतो आणि गोफणीचा प्रवेश रंगतो. हातवारे करीत गाणी म्हटली जातात, बाहुल्या बोलू लागतात, चित्रे रंगवली जातात. थोडी मोठी मुले झाली की त्यांचा युवक गट होतो. तो स्वतःच नाटिका बसवतो आणि लहानांना शिकवू लागतो. आज शिकणारा उद्या शिकवणारा होतो, हे या योजनेचे खरे बळ आहे.

यात आक्षेपार्ह काय, असा प्रश्न कुणी विचारील. ख्रिस्ती आईबापांनी आपल्या मुलांना आपल्या धर्मग्रंथातील कथा शिकवाव्यात, त्या कल्पकतेने शिकवाव्यात, यात आक्षेपार्ह काहीही नाही. तो त्यांचा अधिकार आहे आणि कर्तव्यही. हिंदू समाजाने विचारावयाचे प्रश्न दोन आहेत. ही कथा ख्रिस्ती घरातील मुलापाशी थांबते, की शेजारच्या घरातील मुलालाही आईबापांच्या नकळत सांगितली जाते? आणि आपल्या मुलांना आपली कथा कोण सांगतो? पहिला प्रश्न चर्चला विचारावयाचा आहे, दुसरा स्वतःला. पहिला विचारणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्याचे उत्तर देणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पद्धत घडली कशी?

रविवारची शाळा ही कल्पना इंग्लंडातील ग्लॉस्टर गावच्या रॉबर्ट राईक्स या वृत्तपत्रचालकाने १७८० साली रूढ केली. आठवडाभर कारखान्यांत राबणारी गरीब मुले रविवारी रस्त्यांवर हुंदडत. त्यांना एकत्र करून अक्षरओळख द्यावयाची आणि सोबत बायबल शिकवावयाचे, असा तो उपक्रम होता. पुढे १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एका ख्रिस्ती महिलेने सुटीत मोकाट फिरणाऱ्या मुलांसाठी चक्क बीअर पिण्याचा हॉल भाड्याने घेऊन वर्ग भरवला. सुटीतील बायबल शाळेचे मूळ तेथे सांगितले जाते. ज्या मुलांकडे कुणाचे लक्ष नव्हते, त्यांच्याकडे या मंडळींचे लक्ष गेले, हे दोन्ही वेळा घडले.

साधनेही अशीच घडत गेली. इंग्लंडातील प्रसिद्ध प्रवचनकार स्पर्जन यांनी १८६६ साली अक्षरच नसलेल्या पुस्तकाची कल्पना मांडली. काळे पान पापाचे, लाल पान ख्रिस्ताच्या रक्ताचे, पांढरे पान शुद्धीचे. पुढे स्वर्गाचे सोनेरी आणि वाढीचे हिरवे पान त्यात जोडले गेले. निरक्षर मुलापुढेही उलगडता येईल असे हे पुस्तक आज रंगीत मण्यांच्या कडीच्या रूपातही मुलांच्या मनगटावर बांधले जाते. खेळणे वाटावे असे साधन, परंतु त्यामागे संपूर्ण धर्मसिद्धान्त!

आणि हे केवळ भाबडे बालप्रेम नव्हे. '१०/४० खिडकी' ही धर्मप्रसाराची घोषणा ज्यांनी जगभर नेली, त्या लुईस बुश यांनीच २००९ साली '४/१४ खिडकी'ची हाक दिली. चार ते चौदा हे वय श्रद्धा रुजण्याचे सर्वांत सुपीक वय असून प्रचाराची शक्ती तेथे लावावी, असे त्यांचे उघड प्रतिपादन आहे. हे कुणा हिंदुत्ववाद्याने रचलेले कुभांड नव्हे. त्यांनीच लिहून, छापून, परिषदा भरवून मांडलेला विचार आहे. तेव्हा चर्चच्या आवाराबाहेरच्या मुलांना जेव्हा खेळाचे निमंत्रण येते, तेव्हा पालकांनी दोन प्रश्न विचारले तर त्यांना असहिष्णु ठरविण्याचे कारण नाही.

मराठी मुलुखाचा अनुभव

मराठी माणसाला हा विषय नवा नाही. गोमंतकात १५५९ साली पोर्तुगीज राजाज्ञा निघाली आणि पितृछत्र हरपलेली हिंदू मुले जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयाच्या स्वाधीन करून त्यांना ख्रिस्ती म्हणून वाढविण्याची तरतूद झाली. आई जिवंत असली तरी मूल काढून नेले जाई. ती सत्तेची रीत झाली. त्याच गोमंतकात १५७९ साली आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने वेगळी वाट धरली. नवख्रिस्ती लोकांना पुराण ऐकण्याची गोडी होती, हे त्याने ओळखले आणि बायबलची कथा मराठी ओवीत बांधली. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. मराठीची थोरवी गाणारा हा ग्रंथ मराठी वाङ्मयाचे भूषण आहे, हे निःसंकोच मान्य करावे. मात्र त्यातील धडाही विसरू नये. तलवारीने जे टिकले नसते, ते ओवीने टिकले. पुढे अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, अमेरिकन मिशनने ख्रिस्ती कीर्तने उभी केली, मुलांसाठी 'बालबोधमेवा' हे मासिक चालविले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 'ख्रिस्तायन' ओवीबद्ध करावयास घेतले. ओवी आमची, कीर्तन आमचे, आणि मुलांपर्यंत पोहोचण्याची तळमळ मात्र त्यांची, असा हा हिशेब आहे.

१८४३ सालचे मुंबईतील श्रीपत शेषाद्री प्रकरण तर प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावे. थोरला भाऊ नारायण याने स्कॉटिश मिशनऱ्यांकडे बाप्तिस्मा घेतला. हाच नारायण शेषाद्री पुढे आपल्या मराठवाड्यातील जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी करणार होता. अल्पवयीन श्रीपत त्याच्यामागोमाग मिशनऱ्यांच्या घरी राहिला. पित्याने न्यायालयात धाव घेतली आणि इंग्रजांच्याच न्यायालयाने मूल पित्याच्या हवाली केले. न्यायालयाने मूल परत दिले, पण समाजाने घेतले का? श्रीपतला प्रायश्चित्त देऊन पुन्हा स्वधर्मात घ्यावे म्हणून आचार्य बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तेव्हा त्यांच्यावर तुटून पडणारे मिशनरी नव्हते, आपलेच सनातनी होते. दार बाहेरून कुणी ठोठावले, यापेक्षा ते आतून कुणी बंद केले, हा प्रश्न अधिक बोचरा आहे.

पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाची कथा याच जातीची. १८८९ साली मुंबईत निघालेले हे सदन पुढे पुण्यात आले. धर्मशिक्षण दिले जाणार नाही, या विश्वासावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी मंडळी सल्लागार होती. मुली प्रार्थनेकडे ओढल्या जात आहेत हे दिसताच १८९३ साली ती बाजूला झाली आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. ती टीका योग्यच होती. परंतु टीकेने एकाही विधवेच्या डोक्यावर छप्पर येणार नव्हते. ते आले १८९६ साली, धोंडो केशव कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाचे काम आरंभिले तेव्हा. कर्व्यांच्या पत्नी स्वतः शारदा सदनातच शिकलेल्या होत्या. शारदा सदनाला खरे उत्तर अग्रलेखाने दिले नाही, हिंगण्याच्या झोपडीने दिले.

सीमारेषा कोणती?

आज कायदा पुरेसा स्पष्ट आहे. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार शासनमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थेत अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणात वा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. २५ वा अनुच्छेद धर्मप्रसाराचा अधिकार देतो. मात्र त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ सालीच दिला आहे. तेव्हा मागणी साधी आहे. मूल कुणाचेही असो, कथा कोणत्याही धर्माची असो, आईबापांना आधी सांगा, त्यांची संमती घ्या, मग शिकवा. चित्रकला म्हणून बोलवावयाचे आणि उपासना शिकवावयाची, ही लपवाछपवी नको. ज्यांना आपल्या कथेच्या सत्यावर विश्वास आहे, त्यांना लपविण्याची गरजच काय?

आणि कार्यकर्त्यांनीही एक पथ्य कसोशीने पाळावे. चर्चच्या आवारात ख्रिस्ती मुलांचा वर्ग चालला असेल तर तो त्यांचा धर्माचार आहे. तेथे जाऊन घोषणा देणे, लहान मुलांना भेदरवणे, हा पराक्रम नव्हे. कुठे पालकांची फसवणूक झाली असेल तर कागदोपत्री तक्रार करावी, कायद्याला आपले काम करू द्यावे. दुसऱ्याचा वर्ग उधळल्याने आपला वर्ग सुरू होत नसतो.

गंगाखेडची कसोटी

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदातीरावरील गाव संत जनाबाईंचे जन्मगाव. दमा आणि करुंड यांची ही लेक लहानपणीच पंढरपुरी दामाशेटींच्या घरी गेली, नामदेवांच्या कुटुंबात दासी म्हणून राबली आणि राबता राबता संत झाली. गोदाकाठी तिचे मंदिर आहे. शेगावहून पंढरीला निघालेली गजानन महाराजांची पालखी याच गावावरून जाते. आता याच गावातील पाचवी-सहावीच्या मुलांना विचारून पाहावे की जनाबाईंच्या किती कथा त्यांना सांगता येतात. उत्तर काय येईल, याचा धाक वाटावा अशी स्थिती आज कितीतरी संतांच्या गावी आहे.

वास्तविक जनीची कथा म्हणजे मुलांच्या हाताला काम देणारी कथा. दोन थाळ्या एकावर एक ठेवून जाते करावे. एका मुलीने जनी व्हावे, एका मुलाने विठ्ठल व्हावे आणि देव दासीच्या जात्याला हात लावतो, हा प्रवेश करावा. मातीच्या गोवऱ्या थापाव्यात आणि कानाला लावून कोणत्या गोवरीतून विठ्ठलनाम येते ते ओळखण्याचा खेळ खेळावा, म्हणजे गोवऱ्यांच्या भांडणाची गोष्ट मूल जन्मभर विसरणार नाही. पदक चोरीचा आळ, सुळाची शिक्षा आणि सुळाचे झालेले पाणी, यावर तर तासाभराची नाटिका उभी राहते. याला ना परदेशी निधी लागतो, ना छापील संच. लागतो तो आठवड्यातून एक तास आणि गोष्ट सांगता येणारे एक माणूस. या कथेत आणखी एक सामर्थ्य आहे. पाणी भरणारी, शेण थापणारी, दळणारी दासी देवाच्या सर्वांत जवळची ठरते, हे ज्या मुलाला उमगले, त्याला आपल्या आईच्या कष्टांची लाज वाटणार नाही आणि दुसऱ्याच्या जातीची घृणाही वाटणार नाही.

तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचा विचार येथे करावाच लागेल. कुणाची मुले कोपीत जातात, कुणाची म्हाताऱ्या आजीपाशी मागे राहतात. त्यांची शाळा तुटते, सणवार तुटतात. राईक्सने ज्या मुलांकडे पाहिले ती हीच मुले, फक्त देश आणि शतक वेगळे. या मुलांजवळ प्रथम जो प्रेमाने बसेल, त्याची कथा त्यांच्या मनात बसेल. ही जागा कायमची रिकामी राहत नाही. आपण नाही बसलो तर दुसरे कुणी तरी येऊन बसते, आणि मग 'आमची मुले नेली' असा आक्रोश करण्याचा नैतिक अधिकार आपल्यापाशी किती उरतो?

करावयाचे काय?

केरळात 'बालगोकुलम्'ने आपल्या साप्ताहिक वर्गांतून आणि जन्माष्टमीच्या शोभायात्रांतून हजारो मुलांना कृष्णकथेत उभे केले आहे. जेथे मिशनरी शाळांचे जाळे जुने, तेथेच हे उत्तर उभे राहिले, हे ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रात तर शाखेच्या संघस्थानावर खेळ आणि गोष्ट यांची सांगड फार पूर्वीपासून आहे. बालशाखेतील मुख्य शिक्षकाला जे येते, ते वस्तीतील मंदिराच्या सभामंडपात येण्यास अडचण कोणती? बहुतेक मंदिरांचे सभामंडप सप्ताह आणि उत्सव सोडले तर वर्षभर ओस असतात. विश्वस्त मंडळांनी फरशी बदलण्याइतकीच तळमळ मुले बसविण्याविषयी दाखवावी. निवृत्त शिक्षक, घरी असलेल्या सुशिक्षित गृहिणी, महाविद्यालयातील तरुण यांनी प्रत्येकी दहा मुलांची जबाबदारी घ्यावी. आणि वस्ती कोणत्या जातीची हे न विचारता, आधी तेथे जावे जेथे आजवर कुणी गेले नाही.

मध्यमवर्गीय घरांनी तर आपल्या माजघरात डोकावून पाहावे. मुलाला इंग्रजी बालगीते पाठ आहेत म्हणून पाहुण्यांपुढे उभे करणाऱ्या आईबापांनी त्याला शेवटची गोष्ट केव्हा सांगितली होती? आजी वेगळ्या गावी, वडील उशिरा घरी, आई थकलेली. मग संस्कार करणार कोण? शाळा? शिकवणी? संस्कार हा काही किराण्याच्या यादीत लिहून मागवावयाचा जिन्नस नव्हे.

चर्चला सीमा दाखवावी, ती कायद्याने आणि ठामपणे दाखवावी. परंतु कुंपण घातले म्हणून शेत पिकत नाही. पेरणारा हात लागतो. पुढल्या आषाढीत शेगावची पालखी गंगाखेडच्या वेशीवर येईल, तेव्हा तिच्या पुढे जात्याचा खेळ करणारी, जनीची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगणारी वीस मुले उभी करावीत. जनीच्या गावाने एवढे केले तरी परभणी जिल्ह्यातील दुसऱ्या गावांना वाट दिसेल.