ओंडक्याची नाव आणि नाव नसलेला सुतार

१/ मनोरंजन उद्यानातील ‘लॉग फ्ल्यूम’ म्हणजे ओंडक्याच्या आकाराची नाव, उंचावर नेणारा पट्टा, मग उतारावरून झेप आणि अंगभर पाणी. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा खेळाकडे गंभीरपणे पाहू नये, असा अलिखित संकेत दिसतो. तो मोडायला हवा. हा खेळ एका विस्मृत श्रमाचा अवशेष आहे आणि तो वाचण्याची किल्ली भोकरदनपाशी सापडते.

२/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील सिएरा नेवाडा पर्वतातून लाकूड खाली आणण्यासाठी फळ्यांचे लांबलचक पाट बांधले गेले. कॅलिफोर्नियातील सँगर गावापर्यंतचा १८९० मधील पाट सुमारे ८७ किलोमीटरचा होता. वाटेत लाकूड अडकले की ते मोकळे करणारे मजूर पाटाच्या कडेलाच राहत.

३/ १८७५ मध्ये नेवाडातील चांदीच्या खाणींचे मालक जेम्स फेअर आणि जेम्स फ्लड हौसेखातर अशा पाटातून खाली आले. सोबत रॅम्सडेल हा न्यूयॉर्कचा पत्रकार होता. पाटाची माहिती असलेला कोणी हवा, म्हणून गिरणीवरचा एक सुतारही घेतला गेला. रॅम्सडेलने प्रवासाची हकीकत लिहिली. तीत मालकांची नावे आहेत, सुताराचे नाही. आजचा खेळ मजुरांच्या कामाइतकाच या श्रीमंती सहलीचाही वारस आहे!

४/ १९६३ मध्ये टेक्सासमधील सिक्स फ्लॅग्ज उद्यानात ॲरो कंपनीने पहिला आधुनिक लॉग फ्ल्यूम उभारला. त्याचे स्पॅनिश नाव ‘एल असेरादेरो’, म्हणजे लाकूड कापण्याची गिरणी. अशा नावा पुढे फायबरग्लासच्या झाल्या, तरी त्यांवर सालीच्या रेघा मात्र उमटवल्या जातात.

५/ गरज संपली तरी आकार उरतो, ही सवय जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी आजही आहेत. भोकरदनहून फार दूर नसलेल्या अजिंठ्यात, १९ व्या लेण्यात, त्याच कमानी दगडात कोरल्या आहेत. सांचीचे दगडी कठडेही लाकडी कुंपणाचीच प्रतिकृती.

६/ केळणेकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ च्या उत्खननात येथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. पॉम्पेईच्या प्रसिद्ध मूर्तीशी तिचे साम्य आहे. सांचीच्या दानलेखांत भोगवर्धनचे दाते आहेत. त्याच सांचीच्या दक्षिण तोरणावर कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी केल्याची नोंद आहे. व्यक्तींची नसली तरी कारागिरांच्या समूहाची ओळख दगडावर आहे. लाकडाचा आकार उसना घेणाऱ्यांनी देणारे आणि घडवणारे दोघांनाही जागा दिली.

७/ आपल्याकडेही रेल्वेच्या स्लीपरसाठी देवदाराचे ओंडके भागीरथीतून वाहून आणले गेले. त्या व्यापारातला फ्रेडरिक विल्सन ‘राजा’ म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. थंडगार पाण्यात ओंडके सोडवणारे राहिले नाहीत. कागदपत्रे ठेकेदाराची असतात हे खरे, पण तेवढ्याने अभ्यासकाची सुटका होत नाही.

८/ खोपोलीच्या इमॅजिका उद्यानातील अशाच जलसफरीचे नाव राजासॉरसवरून आहे. नर्मदा खोऱ्यातील जीवाश्मांवरून २००३ मध्ये नामकरण झालेला हा डायनासोर. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याला नावासह मान मिळाला, याचा आनंदच आहे. त्याच रांगेत, ताटकळणाऱ्या मुलांना वाचता येईल अशा उंचीवर, पाटाकाठच्या मजुरांविषयी चार ओळींचा फलक लावायला किती जागा लागेल?