आमच्या मुलांना सिव्हिलपासून तोडू नका



अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू आहेत. गेल्या आठवड्यात बारावीच्या मुलांसाठी झालेल्या एका मार्गदर्शन शिबिरात मी मागच्या बाकावर बसून सगळे ऐकले. शहरातून आलेल्या वक्त्याने आमच्या पावरा-भिल्ल मुलांना छातीठोकपणे सांगितले, ‘सिव्हिलला आता काही स्कोप राहिलेला नाही, कॉम्प्युटर घ्या.’ माझ्या शेजारच्या मुलाने वहीत पहिल्या पसंतीला लिहिलेले ‘सिव्हिल’ तिथल्या तिथे खोडले. तेव्हापासून मला चैन नाही.

स्कोप नाही? सार्वजनिक बांधकाम विभागाने 2023 मध्ये 2109 पदांची भरती काढली. त्यात कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) 532 आणि स्थापत्य अभियांत्रिकी सहायक 1378. म्हणजे 1910 जागा एकट्या सिव्हिलच्या, तेही एकाच खात्यात! जलसंपदा आणि जिल्हा परिषदा वेगळ्याच. वक्त्याने हा 1910 चा आकडा मुलांना का सांगितला नाही? तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) 2024-25 पासून शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली, तेव्हापासून कॉलेजे कॉम्प्युटरच्या जागा वाढवत सुटली आहेत. त्या भरण्यासाठी आमची मुले नकोत.

खासगी साइटवर सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, हे मी मान्य करतो. पण कनिष्ठ अभियंत्याला डिप्लोमा पुरतो. दहावीनंतर तंत्रनिकेतन, मग थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री, पुढे एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा, ही वाट पहिल्यांदाच शिकणाऱ्या घराला झेपते, कारण मध्येच थांबावे लागले तरी हातात काहीतरी असते. कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. मोजणीचे टोटल स्टेशन यंत्र मुलांच्या हातात देतात का, माती आणि काँक्रीट तपासायची लॅब खरोखर चालते का, शिकवायला कायम प्राध्यापक आहेत का, एवढे विचारा.

आणि काम कुठे आहे ते पाहायला धडगावला या. आमच्या पाड्याच्या वाटेवर दोन वर्षांपूर्वी एक मोरी झाली. पाइप इतका अरुंद टाकला की पहिल्याच पावसात सागाचा पाला आणि दगडगोटे त्याच्या तोंडाशी अडकले, पाणी वरून गेले आणि दोन्ही बाजूंचा भराव कापून नेला. आज मधोमध नुसता पाइप आहे, अलीकडे-पलीकडे रस्ता नाही. काम चालू असताना एका म्हाताऱ्याने शेजारच्या आंब्याच्या खोडावर हात ठेवून दाखवले होते की पाणी इथवर चढते. तो पावरीत बोलत होता आणि ऐकणाऱ्या साहेबाला पावरी येत नव्हती. मोजमाप पुस्तिका (एम.बी.) भरली गेली, बिल निघाले. आता आजाऱ्याला त्या ओढ्यातून बांबूच्या झोळीत नेतात. आमच्याच चांदसैली घाटात सप्टेंबर 2021 मध्ये दरड कोसळून रस्ता बंद होता, तेव्हा नवरा बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे निघाला आणि ती वाटेतच गेली. त्या घाटातल्या पाण्याचा निचरा आणि संरक्षक भिंत हे कॉम्प्युटरचे काम नाही.

याच तालुक्यात बिलगावला 2003 मध्ये केरळच्या तरुण इंजिनिअरांनी गावकऱ्यांच्या श्रमदानातून 15 किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभारला होता. 2006 च्या पुरात सरदार सरोवराच्या फुगवट्याने तो नेला, पण दगड, सिमेंट वाहणारे हात आमचेच होते. विश्वेश्वरय्यांनीही पुण्यात शिकून 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी धरली आणि सुरुवातीच्या दिवसांत याच खानदेशात, दातर्तीला पांझरेवर सायफनचे काम केले. ते म्हैसूरहून इथे आले. आमच्या मुलाला तर आपल्याच डोंगरात काम करायचे आहे.

इथे सरकारलाही विचारायचे आहे. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रात तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक ही पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखली. आमचा अक्राणी (धडगाव) तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे. मग त्या यादीत कनिष्ठ अभियंता का नाही? बाहेरून आलेला अभियंता बदलीचा अर्ज खिशात घेऊनच रुजू होतो, आणि पावसाळ्यात कोणता ओढा कुठे फिरतो हे त्याला कळेपर्यंत त्याची बदली झालेली असते. स्थापत्यची पदे या यादीत घाला, एवढी एक मागणी आमच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात लावून धरावी.

त्या मुलाचा पसंतीक्रम शनिवारी लॉक व्हायचा आहे. शुक्रवारी मी त्याच्या पाड्यावर जाणार आहे, त्याच्या वडिलांशी बोलायला.

– एक निवृत्त शिक्षक, धडगाव (जि. नंदुरबार)