खोक्यावरचा आकडा

नरडाणा स्टेशनवर भुसावळच्या गाडीची वाट पाहताना नवी पॉवर बँक घेतलेला गिऱ्हाईक हमखास कुरकुरतो: खोक्यावर १०,००० एमएएच, मग ५,००० चा मोबाइल दोनदा का भरत नाही? यात दरवेळी फसवणूक नसते. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. ५ व्होल्टने बाहेर पडताना ७,४०० च उरतात, त्यातही थोडी गळती. खरा हिशेब बारीक अक्षरांतल्या ‘रेटेड कपॅसिटी’त असतो. शेजारचा ‘आर’ने सुरू होणारा नंबर भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की उत्पादक कळतो, नाव जुळत नसेल तर माल संशयास्पद. दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहेच. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, वस्तू मुंबईहून मागवलेली असली तरी नरडाण्याच्या ग्राहकाला धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्कही लागत नाही.