गवताचे गोळे आणि आमची जुगाडू जमात

मे महिना आला की ओहायोतल्या आमच्या देशी मंडळींत ग्रीनकार्डच्या खालोखाल एकच विषय असतो. गवत! पाऊस, मधूनच ऊन, आणि शनिवारी कापलेलं लॉन पुढच्या शनिवारपर्यंत कुरण झालेलं. मग आपण रायडिंग मोवरवर स्वार होऊन निघतो आणि मागे वळून बघतो तर जागोजागी शेणाच्या पोसारखे ओले हिरवे गोळे. तसेच राहिले तर खालचं गवत पिवळं पडतं ते वेगळंच.

(पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: रायडिंग मोवर म्हणजे छोट्या ट्रॅक्टरसारखं, बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र. त्याच्या पोटाखाली पत्र्याची उपडी परात असते, तिला डेक म्हणतात. आत दोन-तीन पाती गरगर फिरतात आणि कापलेलं गवत उजवीकडच्या तोंडातून बाहेर पडतं. त्या तोंडावर खाली झुकलेलं एक झाकण असतं, त्याचं नाव डिफ्लेक्टर. आजचं भांडण त्यावरून आहे.)

तर गेल्या वर्षी एका पॉटलकमध्ये मी या गोळ्यांचं रडगाणं गायलो. ओळखीतला एक आर्किटेक्ट (बिल्डिंगवाला नव्हे, सॉफ्टवेअरवाला) म्हणाला, "डिफ्लेक्टर काढून टाक रे, गवत मोकळं उडतं." दुसरा म्हणाला, डेकला वरून चार भोकं पाड, हवा खेळती राहते. तिसरा त्याच्याही पुढचा. तोंड तुंबलं की साफ करायला उतरावं लागतं आणि उतरलं की इंजिन बंद पडतं, म्हणून त्याने सीटखालचा स्विचच तार जोडून बायपास केलेला. आणि हे तिघंही असे, की ऑफिसात कोड रिव्ह्यूशिवाय एक ओळ पुढे जाऊ देणार नाहीत!

मी शहाणा असतो तर नुसता पावभाजी खाऊन घरी आलो असतो. पण मी बंजी कॉर्ड घेतली आणि डिफ्लेक्टर वर बांधून टाकला. 'काढला कुठे, नुसता बांधलाय', ही माझी इंजिनियरिंगची अक्कल. गोळे खरंच थोडे कमी झाले. दुसऱ्या शनिवारी खाड्कन आवाज आला. लिंबाएवढा दगड बेसमेंटच्या खिडकीतून आरपार गेला होता. त्या खिडकीपासून दहा फुटांवर माझी आई खुर्ची टाकून मेथी निवडत बसली होती. "काय फुटलं रे?" तिने विचारलं. "काही नाही, जुनी काच होती. तडा गेलेलाच होता," मी म्हणालो.

त्या रात्री पहिल्यांदा मोवरचं मॅन्युअल उघडलं. (हसू नका. तुम्ही कधी उघडलंय?)

इथल्या आन्सी बी७१.१ या मानकात पात्याच्या टोकाच्या वेगाची कमाल मर्यादा मिनिटाला १९,००० फूट आहे, म्हणजे ताशी जवळपास ३५० किलोमीटर. मोवर साधारण त्या मर्यादेच्या जवळपास चालवायलाच बनवलेले असतात. एवढ्या वेगाच्या पात्याने भिरकावलेला दगड आणि तुमची आई यांच्यामध्ये तो एक प्लॅस्टिकचा तुकडा असतो. आणखी एक. ढकलायच्या मोवरचं हँडल सोडलं की पातं ३ सेकंदांत थांबलंच पाहिजे, असा इथे १९८२ पासून फेडरल नियम आहे. रायडिंग मोवरला तो लागू नाही, तिथे सगळं ऐच्छिक मानकावर चालतं. कंपन्या ते पाळून सीटचा स्विच बसवतात आणि आपण तो बायपास करतो. फेल होणारी टेस्ट कॉमेंट करून टाकायची आणि बिल्ड हिरवा झाला म्हणून नाचायचं, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की इथे क्रॅश झालं तर बोटं जातात.

बरं, या जुगाडांनी गोळे तरी थांबतात का? पात्याच्या मागच्या कडेला वर वळलेला एक कान असतो. तो पंख्यासारखा खालची हवा वर खेचतो, त्याने गवत उभं राहतं, कापलं जातं आणि त्याच हवेबरोबर बाहेर फेकलं जातं. म्हणजे सगळा खेळ हवेचा. गवत ओलं आणि उंच असलं की ते डेकच्या आतल्या बाजूला चिकटतं, वाट अरुंद होते, हवा मरते आणि लगदा खाली पडतो. आता अशा परातीला भोकं पाडून काय होणार? पंपाच्या नळीला भोकं पाडून पाणी जोरात येतं का? उलट दगडाला बाहेर पडायला चार नव्या वाटा मिळतात. एकावर एक दोन पाती चढवणारे महाभागही आहेत. त्या बोल्टचे किती आटे आता आत बसतात, हे त्यांनी मोजलेलं नसतं.

बदल करूच नका असं मी म्हणत नाही. आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेली हाय-लिफ्ट पाती बसवा, त्यांचा कान मोठा असतो. मल्चिंगचा प्लग लावला असेल तर वसंतात तो काढून ठेवा, तो काढण्यासाठीच असतो. पण मग डिफ्लेक्टर जागेवर हवाच. डेकची पुढची कड मागच्यापेक्षा किंचित खाली हवी, किती ते मॅन्युअलमध्ये असतं. आणि डेक खरवडा! किल्ली काढून, पार्किंग ब्रेक लावून, स्पार्क प्लगची वायर सोडवून. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. मी खरवडला तेव्हा आतून बोटभर जाडीचा वाळलेला थर निघाला. माझ्या 'डिझाइन प्रॉब्लेम'चा अर्धा भाग तिथेच होता.

उरलेला अर्धा भाग सीटवर बसलेला. आवाज नको म्हणून मी थ्रॉटल अर्ध्यावर ठेवायचो, म्हणजे हवा अर्धमेली, आणि लवकर आटपावं म्हणून गाडी मात्र वरच्या गियरमध्ये. करायचं नेमकं उलट असतं: थ्रॉटल पूर्ण, चाल हळू. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त उंची कापायची नाही. ३ इंच ठेवायचं असेल तर साडेचारला कापायला हवं. फार वाढलं असेल तर आधी उंच कापा, दोन दिवसांनी पुन्हा. दव वाळेपर्यंत थांबा.

"अरे, पण एवढा वेळ कुणाला आहे?" आर्किटेक्टसाहेब विचारतात. शनिवारी सकाळी मुलाचं सॉकर, दुपारी मराठी शाळा, संध्याकाळी कुणाकडे तरी जेवण. मान्य. पण मग वेळ नाही असं म्हणा ना. डेकचं डिझाइन चुकलंय, असं कशाला म्हणता? वेळ नसेल तर लॉन लहान करा, माणूस लावा, नाहीतर गोळे पडू द्या आणि वीस मिनिटं दाताळं फिरवा. मी हल्ली तेच करतो. घाम येतो, जिमचे पैसे वाचतात.

बंजी कॉर्ड आता गॅरेजमध्ये सायकलला बांधलीय. खिडकीला नवी काच बसवली. आई जूनमध्ये परत येतेय, आणि ती काच जुनी नव्हती हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.