आदेशाची मुदत आणि विमानाची चाके

विमान आकाशात असते तोवर त्याची चाके हे निव्वळ ओझे असते. ती पोटात दुमडून ठेवलेली असतात, प्रवाशांस दिसत नाहीत आणि त्यांची आठवणही सहसा कोणास होत नाही. परंतु उड्डाणाच्या आरंभी, अखेरीस आणि विमान जमिनीवर उभे असते त्या सर्व काळात त्याचा सारा भार याच यंत्रणेवर असतो. ‘लँडिंग गिअर’ या नावाने ती आता मराठीतही ओळखली जाते. या यंत्रणेतील दोष उघडकीस आला म्हणजे तो दूर करण्याचा सक्तीचा आदेश निघतो व त्यासाठी काही मुदत दिली जाते. ही मुदत म्हणजे नेमके काय, हा येथील विचाराचा विषय आहे. प्रश्न तांत्रिक वाटला तरी विमानात बसणाऱ्या प्रवाशाच्या आणि विमानाखाली काम करणाऱ्या कामगाराच्या जिवाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

चाकांची यंत्रणा

मोठे प्रवासी विमान ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने धावपट्टीस टेकते. त्याच वेळी ते खालीही येत असते. हा खाली येण्याचा वेग सेकंदास सुमारे ३ मीटर असला तरी यंत्रणेने धक्का सोसला पाहिजे, अशी मोठ्या विमानांच्या रचनेची अट आहे. त्यासाठी चाकांच्या खांबात तेल आणि नायट्रोजन वायू भरलेले नळकांडे असते. विमान टेकताच वायू दाबला जातो, तेल अरुंद छिद्रातून ढकलले जाते आणि धक्क्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने विरून जाते.

हाच भक्कम खांब उड्डाणानंतर दुमडून पोटात जावयाचा असतो. म्हणून त्यास बिजागऱ्या व आधाराचे दांडे असतात. माणूस गुडघा ताठ करून उभा राहिला म्हणजे पाय वाकत नाही. त्याचप्रमाणे हे दांडे सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन अडकतात व खांब जागच्या जागी खिळतो. विमान जमिनीवर असता दुरुस्तीचे काम चालू असेल, तर या सांध्यात आणखी एक पोलादी पिन घालतात. तिला लाल फीत बांधलेली असते. पिन जागेवर असली म्हणजे विमानचालकाच्या कक्षातील दांडी वर केली तरी चाके दुमडत नाहीत. विमानाच्या पोटाखाली काम करणाऱ्या माणसाचे रक्षण ही पिन करते.

आदेश कसा निघतो

१९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारावर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीची आजची व्यवस्था उभी आहे. विमानाच्या एखाद्या जातीत दोष आढळला, तर त्या जातीच्या रचनेस मान्यता देणाऱ्या देशाने तो इतर देशांस कळवावयाचा आणि ज्या देशात विमानाची नोंदणी झाली असेल त्या देशाने आपल्या विमानांसंबंधी कारवाई करावयाची, अशी ही वाटणी आहे. भारतात ही जबाबदारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे. त्याचे कार्यालय नवी दिल्लीत सफदरजंग विमानतळासमोर आहे. १९३४ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला असून महासंचालनालयाचे अधिकार आता त्याच्या आधारे चालतात.

सूचनांचे स्थूलमानाने तीन प्रकार असतात. पहिला केवळ सल्ला, दुसरा ठरावीक मुदतीचा सक्तीचा आदेश आणि तिसरा तातडीचा आदेश. सल्ला व आदेश यांतील अंतर किती मोठे आहे, हे एका अलीकडील प्रकरणावरून ध्यानी येते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या भीषण विमान अपघाताच्या प्राथमिक अहवालात इंधनाच्या स्विचांच्या लॉकसंबंधी २०१८ साली अमेरिकेत निघालेल्या एका सूचनेचा उल्लेख आहे. ती सक्तीची नसून सल्ल्याच्या स्वरूपाची असल्याने तीत सुचविलेली तपासणी केली गेली नव्हती, असे विमान कंपनीने सांगितल्याची नोंद त्यात आढळते. अपघाताचे कारण हेच होते, असा निर्णय त्या अहवालाने दिलेला नाही आणि येथेही तसा तर्क करावयाचा नाही. इतकेच दिसते की, सल्ला कागदावर राहू शकतो. अहवालानंतर महासंचालनालयाने २१ जुलै २०२५ ही अंतिम तारीख घालून तीच तपासणी सक्तीची केली.

परंतु सक्तीच्या आदेशाने तरी काम संपते काय? लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील एक घटना याचे उत्तर देते.

दोन भोके आणि सतरा महिने

१८ जून २०२१ रोजी हीथ्रो येथे ब्रिटिश एअरवेजच्या ‘बोइंग ७८७’ जातीच्या विमानात माल चढविला जात होता. यंत्रणेतील एका किरकोळ दोषाच्या तपासणीसाठी चाके वर घेण्याची दांडी विमान उभे असतानाच वर करावयाची होती. म्हणून आधी सर्व चाकांच्या सांध्यांत पिना घालण्यात आल्या. पुढील चाकांच्या सांध्यापाशी दोन भोके लगतलगत होती. एक पिनेसाठी होते. दुसरे सांध्याच्या आसाचे, आतून पोकळ. एका कारागिराने खालून जागा दाखविली, दुसऱ्याने शिडीवर चढून पिन घातली. ती शेजारच्या भोकात गेली. दांडी वर होताच पुढील चाके दुमडली आणि विमान नाकावर आदळले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

हा धोका अज्ञात नव्हता. पूर्वीच्या अनुभवावरून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने या जातीच्या विमानांसाठी सक्तीचा आदेश काढला होता. त्या पोकळ भोकात एक लहानसा तुकडा कायमचा बसवून ते बुजवून टाकावयाचे, म्हणजे पिन तेथे शिरणारच नाही, एवढाच तो उपाय होता. आदेश १६ जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्यासाठी ३६ महिन्यांची मुदत होती. अपघात झाला तेव्हा १७ महिने लोटले होते व १९ महिने शिल्लक होते. त्या विमानाचे भोक बुजविले गेले नव्हते. नियमाच्या दृष्टीने कोणताही भंग झाला नव्हता; तरीही जी गोष्ट होऊ नये म्हणून आदेश निघाला होता, तीच घडली.

या घटनेत दोष केवळ शिडीवरील कारागिराच्या नजरेचा मानणे अन्यायाचे होईल. दोन सारखी भोके शेजारी ठेवली की कधीतरी कोणीतरी चुकणारच. ‘काळजी घ्या’ असे सांगून ही चूक टळत नाही. भोक बुजविले म्हणजेच टळते. आणि ते बुजविण्याचा निर्णय झालेला असून काम राहिलेले असेल, तर तो काळ सुरक्षिततेचा म्हणता येत नाही.

दिल्लीशी संबंध

याच जातीची विमाने सप्टेंबर २०१२ पासून एअर इंडियाच्या ताफ्यात आहेत व त्यांचे प्रमुख ठाणे दिल्ली आहे. देशातील दोन सर्वांत मोठ्या विमान कंपन्यांची मुख्यालये दिल्लीलगतच्या गुरुग्राम येथे आहेत आणि त्यांवर देखरेख करणारे महासंचालनालय सफदरजंगला आहे. म्हणजे आदेश काढणारा, तो पाळणारा आणि पुष्कळ प्रमाणात ते काम हाताने करणारा, असे तिघेही याच परिसरात राहतात. मे महिन्यातील तापलेल्या फरशीवर आणि जानेवारीतील दाट धुक्यात, बहुधा मध्यरात्रीनंतर, विमानाखाली उभा असलेला कारागीर हा या साखळीचा शेवटचा दुवा होय.

पिनेच्या बाबतीत भारतातही चुका घडलेल्या आहेत. जुलै २०१७ मध्ये कोलकात्याहून मुंबईस निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या चाकांतील पिना काढावयाच्या राहून गेल्या. उड्डाणानंतर चाके वर जाईनात. उघड्या चाकांमुळे हवेचा विरोध वाढून इंधन अधिक खर्च होऊ लागले आणि अखेर विमान नागपुरास उतरवावे लागले. हीथ्रोला पिन चुकीच्या जागी गेली. येथे ती योग्य जागी राहून गेली. दोन्हींत माणसाचे लक्ष हाच एकमेव आधार होता.

मुंबईकरांस १२ सप्टेंबर २०२५ ची घटनाही आठवत असेल. कांडल्याहून निघालेल्या क्यू-४०० जातीच्या विमानाचे एक चाक उड्डाणाच्या वेळीच निखळून पडले. विमान मुंबईस सुखरूप उतरले. एका खांबास दोन चाके असण्याचा लाभ अशा वेळी कळतो. परंतु सुदैवाने निभावलेली प्रत्येक घटना ही पुढील घटनेची आगाऊ सूचनाही असते.

दुसरी बाजू

विमान कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक आदेश हाती येताच सर्व विमाने उभी करणे शक्य नसते. सुटे भाग एकाच कारखान्यातून यावयाचे असतात, हँगरमध्ये जागा मोजकी असते आणि अनुभवी कारागीर त्याहूनही मोजके. शिवाय घाईने उघडलेली यंत्रणा घाईनेच बंद केली, तर एक दोष काढताना दुसरा शिरण्याचा संभव असतो. मुदत ठरविताना तज्ज्ञ या सर्व गोष्टींचा विचार करतात. म्हणून मुदत असणे हे मुळात गैर नाही.

तसेच प्रत्येक आदेश एका ज्ञात दोषाचे उत्तर असतो, सर्व दोषांचे नव्हे. सप्टेंबर २००७ मध्ये स्कँडिनेव्हियन विमान कंपनीची दोन क्यू-४०० विमाने, एक डेन्मार्कमधील ऑलबोर्ग येथे व दुसरे लिथुआनियातील व्हिल्नियस येथे, उतरताना उजव्या बाजूची चाके मोडून कलंडली. चाके वरखाली करणाऱ्या दट्ट्याच्या दांड्याचे आटे गंजल्याचे ऑलबोर्गच्या तपासात दिसून आले. कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी लगोलग तपासणीचा आदेश काढला. तरी २७ ऑक्टोबर रोजी कोपनहेगन येथे त्याच कंपनीचे तिसरे विमान तसेच कलंडले. या वेळी कारण निराळे होते. तेलाच्या मार्गात एक लहान रबरी कडे अडकले होते. आदेश पाळला तरी डोळे मिटून बसता येत नाही, हा त्याचा अर्थ.

ही सर्व बाजू मान्य करूनही मूळ प्रश्न उरतोच. मुदत हा काम पुरे होण्याचा अखेरचा दिवस आहे. ते सुरू करण्याचा मुहूर्त नव्हे. विद्यार्थी परीक्षेच्या तारखेकडे पाहून अभ्यास पुढे ढकलतो, त्याचे नुकसान त्याचेच होते. येथे नुकसान दुसऱ्याचे होते, आणि त्या दुसऱ्यास आपल्या विमानाचे काम झाले आहे की राहिले आहे, हे ठाऊकही नसते.

काय करता येईल

पहिली गोष्ट अशी की, मोठ्या मुदतीच्या आदेशात टप्पे असावेत. ३६ महिन्यांपैकी पहिल्या १२ महिन्यांत ताफ्याचा ठरावीक भाग पुरा व्हावा आणि जे विमान अन्य कारणाने हँगरमध्ये येईल त्याचे काम त्याच वेळी उरकावे. दुसरी गोष्ट, कायमचा उपाय होईपर्यंत तात्पुरता उपाय सक्तीचा असावा. चुकीच्या भोकाभोवती ठळक रंग लावणे, किंवा पिन घातल्यावर दुसऱ्या कारागिराने स्वतः शिडीवर चढून हाताने चाचपून पाहणे, यास फारसा खर्च नाही.

तिसरी गोष्ट, प्रगतीचे आकडे लोकांसमोर यावेत. हे अशक्य नाही. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी ए-३२० जातीच्या विमानांतील नियंत्रण-संगणकासंबंधी युरोपातून तातडीचा आदेश निघाला. भारतातील ३३८ विमानांस तो लागू होता. कोणत्या कंपनीची किती विमाने दुरुस्त झाली, हे महासंचालनालयाने दोन-तीन दिवस आकड्यांसह जाहीर केले आणि काम झपाट्याने पुरे झाले. तातडीच्या आदेशात जे साधते, ते सावकाशीच्या आदेशात तिमाही तक्त्याच्या रूपाने का साधू नये?

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तपासणारे हात पुरेसे हवेत. महासंचालनालयाच्या १,०६३ मंजूर पदांपैकी प्रत्यक्षात ५५३ च भरलेली असल्याचे संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मधील अहवालात नमूद केले होते. नियम कितीही नेमका असला तरी तो पाळला गेला की नाही, हे पाहण्यास माणूसच लागतो. विमानांची संख्या वाढत असता तपासनिसांच्या खुर्च्या रिकाम्या राहणे, हे धोक्याचे लक्षण होय.

सफदरजंगच्या कार्यालयात आदेशावर सही होते तेव्हा त्याचा आरंभ होतो. त्याचा शेवट तेथून काही किलोमीटरवर, हँगरमधील विमानाच्या नाकाखाली, कारागीर शेवटच्या विमानाचे शेवटचे भोक बुजवून नोंदवहीत आपले नाव लिहितो तेव्हा होतो. या दोन सह्यांमधील अंतर जितके कमी, तितका प्रवासी आणि कारागीर सुरक्षित. हे अंतर कमी करण्याचे ज्ञान व साधने आज उपलब्ध आहेत. ती वापरली जावीत, असा आग्रह मात्र समाजाने धरला पाहिजे.